पुसलेल्या टिकलीचा तपास

विमान पाडल्याचं सांगणाऱ्या माणसावर माझा चटकन विश्वास बसत नाही. याला माझा स्वभाव म्हणा किंवा निवृत्तीनंतर लागलेला नाद म्हणा. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ वैमानिकांनी ‘मी अमुक दिवशी अमुक ठिकाणी शत्रूचं विमान पाडलं’ असे जे दावे केले, ते जुन्या कागदपत्रांशी ताडून बघायचं काम मी गेली काही वर्षं बावधनच्या घरात बसून करते. कोणी सांगितलेलं नाही, कोणी विचारतही नाही. नवरा म्हणतो, हिला दुसऱ्याने मारलेली फुशारकी बघवत नाही. जिवंत माणसं पुरेनात म्हणून ही आता मेलेल्यांच्या मागे लागली आहे. त्यात थोडं तथ्य आहे.

काम ऐकायला वाटतं तेवढं थरारक नाही. वैमानिक म्हणतो, पाडलं. त्याच्या तुकडीच्या रोजनाम्यात तसं लिहिलेलं असतं. मग पलीकडच्या बाजूचे कागद काढायचे आणि बघायचं, की त्या दिवशी, त्या वेळी, त्या जागी त्यांचं विमान खरंच गेलं होतं का. ज्याचं विमान गेलं त्याला ते आपल्या दप्तरात लपवून चालत नाही. त्याला दुसरं मागवायचं असतं, माणसाच्या घरी पत्र पाठवायचं असतं. म्हणून आम्हा लोकांचा सगळा भरवसा गमावणाऱ्याच्या नोंदीवर. पाडणारा काय म्हणतो ते आम्ही ऐकून घेतो, एवढंच.

बरेच दावे टिकत नाहीत. वैमानिक लबाड असतात असं मुळीच नाही. दोघं एकाच विमानावर गोळ्या झाडतात आणि दोघांनाही प्रामाणिकपणे वाटतं, आपणच पाडलं. धूर सोडत ढगात शिरलेलं विमान पलीकडून सुखरूप आपल्या तळावर जाऊन उतरतं. म्हणून साक्षीदार नसेल तर वरचे अधिकारी ‘पाडलं’ हा शब्द खोडून ‘बहुधा पाडलं’ असं लिहीत.

आणि सगळ्यात मोठा घोळ घड्याळाचा. जपानी फौज ब्रह्मदेशाच्या जंगलात लढत होती, पण घड्याळ टोकियोचं वापरत होती. आपली घड्याळंही युद्धाच्या काळात एक तास पुढे सरकवलेली होती. म्हणजे जपानी कागदात जी वेळ असेल, तिच्यातून अडीच तास वजा केले की आपली वेळ मिळते. नवखी माणसं इथेच आपटतात. मी आपटत नसे. माझी उभी नोकरी हवामान खात्यात गेली. तिथे आम्ही पाऊसवारा सगळा ग्रिनिचच्या घड्याळाने नोंदवायचो आणि मनातल्या मनात साडेपाच तास मिळवत-वजा करत घरी यायचो. वेळ बदलून घेणं माझ्या हाडीमाशी खिळलेलं होतं, आणि त्याचा मला गर्व होता. तो किती होता हे पुढे येईलच.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिकांसमोर मी एकदा या नादाबद्दल बोलले. निम्मे लोक चहाची वाट बघत होते. पण आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारा एकजण शेवटपर्यंत ऐकत बसला आणि नंतर माझ्यापाशी आला. पन्नाशीचा गृहस्थ, हिंजवडीला नोकरीला, मूळ गाव पौडच्या पुढे, मुळशी धरणाच्या अलीकडे.

“काकू, माझे आजोबा त्या वॉरमध्ये होते. फिटर होते, विमानावर. गावात माझी आत्या आहे, तिच्याकडे त्यांची वही आहे. तुम्ही एकदा बघाल का?”

घरोघरी असा एक आजोबा निघतो. मी आढेवेढे घेतले. पण वही म्हटल्यावर मला राहवेना, आणि एका रविवारी त्याच्या गाडीतून आम्ही निघालो. भूगावापाशी अडकलो, पिरंगुटला पुन्हा अडकलो आणि उन्हं चढायच्या आत कसेबसे गावात पोचलो.

त्याच्या आत्याला सगळं गाव आक्का म्हणत होतं, म्हणून मीही आक्काच म्हटलं. ऐंशीच्या घरातल्या, लग्नानंतर वर्षभरातच नवरा गेल्याने माहेरी परतलेल्या आणि तेव्हापासून वडिलांजवळच राहिलेल्या. कान तिखट, जीभ त्याहून तिखट. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, “तुमी इमानं मोजता म्हनं?”

“मोजत नाही, तपासते.”

“मंग तपासा. आमच्या आबाला गावानं जलमभर टिकलीवाला म्हनून हिनवला. त्यो खोटं बोलत व्हता का खरं, तेवडं सांगा. मला दुसरं काय नगं.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. आबा गोऱ्या वैमानिकांच्या एका तुकडीत फिटर होते. प्रत्येक फिटरकडे एक ठरलेलं विमान असे. ते पुसायचं, तपासायचं, उडवून द्यायचं आणि परत येईपर्यंत धावपट्टीकडे बघत बसायचं. एका सकाळी आबांचा साहेब परत आला तो एक बोट वर करून. एक पाडलं. आबांनी लगेच रंगाचा डबा आणला आणि साहेब बसतो त्या जागेखाली पांढऱ्या चौकोनात जपानी निशाणाचा तांबडा गोळा काढला. आबा त्याला टिकली म्हणत. दोनच दिवसांनी हुकूम आला: विमान पडताना दुसऱ्या कोणी पाहिलेलं नाही, दावा मंजूर नाही, टिकली पुसा. पेट्रोलचा बोळा घेऊन ती आबांनीच पुसली.

“पन पडलं व्हतं,” आक्का म्हणाल्या. “सायबानं आबाला हातानं दावलं व्हतं. इमान असं झाडीत गेलं, आन छत्री न्हाई उघाडली. आतला मानूस आतच ऱ्हायला. ते आबाला लई लागलं. म्हनायचा, म्या सायबासंगं हासलो, टिकली काडली, आन तितं कुनाचं तरी पोर जळत व्हतं.”

म्हणून आबांनी गावात परतल्यावर एक रीत घातली. सर्वपित्रीच्या दिवशी घरातल्या पितरांची पानं वाढून झाली की एक पान जास्त वाढायचं. त्या विमानातल्या माणसाचं. त्याच्याकडे आपल्यासारखं करतात का नाही ठाऊक नाही, केलं तर तेवढ्या लांबून त्याला सापडेल का ठाऊक नाही. पण तो मेला हे मला ठाऊक आहे, असं त्यांचं म्हणणं. आबा गेल्यावर ते पान आक्का वाढत होत्या. एकही वर्ष चुकलेलं नव्हतं.

मी मान डोलावली आणि वहीतली तारीख उतरवून घेतली. पानाचं काही लिहून घेतलं नाही. पान हा पुरावा नव्हे.

वही मात्र फार चांगली होती. दोऱ्याने शिवलेली, शिसपेन्सिलने लिहिलेली. तारीख, विमानाचं अक्षर, आणि पुढे ‘साहेबांनी एक पाडले. टिकली काढली.’ दोन दिवसांनंतरच्या तारखेला नुसतं ‘टिकली पुसली.’ निघताना आक्कांच्या भाच्याने मला मारुतीच्या देवळाशेजारची भिंत दाखवली. गावातून दोन्ही महायुद्धांत लढायला गेलेल्या लोकांचा फलक तिथे लागणार होता. आबांच्या नावापुढे ‘यांच्या विमानाने ब्रह्मदेशात शत्रूचे विमान पाडले’ असं लिहायचा त्याचा विचार होता. तुम्ही हो म्हणालात की लिहून टाकतो, म्हणाला.

तुकडीचा रोजनामा मला सहज मिळाला. आता असे कागद घरबसल्या बघता येतात. तारीख बरोबर, विमानाचं अक्षर बरोबर. सकाळी आठला उड्डाण, आठ चाळीसला एका नदीच्या मुखाजवळ गाठ, एक विमान पाडल्याचा दावा. आणि समासात अधिकाऱ्याचा शेरा, साक्षीदार नाही, ‘बहुधा’ धरावे. म्हणजे टिकली काढली हे खरं, पुसली हेही खरं. राहिलं होतं ते एवढंच की विमान पडलं का.

त्यासाठी जपानी बाजूची यादी हवी. मला जपानी येत नाही. आमच्यासारखाच नाद असलेल्या परदेशातल्या एका निवृत्त शिक्षकाने त्या आघाडीवरच्या जपानी नुकसानीची यादी इंग्रजीत उतरवून टाइप केली आहे. ती मी त्याच्याकडून ईमेलने मागवली. त्या तारखेला त्या नदीच्या आसपास एक विमान गेल्याची नोंद होती. माझे डोळे चमकले. वेळ होती आठ पंचेचाळीस.

मी लगेच अडीच तास वजा केले. सव्वासहा.

सव्वासहाला आबांचा साहेब चहा पीत असणार आणि त्याचं विमान जमिनीवर उभं असणार. म्हणजे हे जपानी विमान वेगळं, सकाळी आधीच गेलेलं, दुसऱ्या कोणाच्या तरी हातून किंवा आपलं आपण. आठ चाळीसच्या सुमारास त्यांचं काहीही गेलं नव्हतं. मी चहाचा कप बाजूला ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, बघ, एखादा भोळा माणूस इथे आठ चाळीस आणि आठ पंचेचाळीस जुळवून मोकळा झाला असता. तो म्हणाला, “तो भोळा माणूस किती सुखी असेल.”

मी एकपानी टिपण लिहून भाच्याला दिलं. भाषा अगदी काटेकोर. ‘सदर दावा उपलब्ध नोंदींवरून सिद्ध होत नाही.’ त्याने ते वाचलं, थोडा हिरमुसला आणि म्हणाला, “ठीक आहे काकू, उगाच चुकीचं लिहायला नको.” फलकावर आबांच्या नावापुढे नुसतं ‘विमानदलात सेवा’ असं आलं.

दोन दिवसांनी त्याच्या फोनवरून आक्का बोलल्या.

“मंग बाप खोटं बोलला म्हनायचा?”

“तसं नाही हो आक्का. खोटं म्हणत नाहीये मी. सिद्ध होत नाही, एवढंच.”

“म्हंजी पडलं न्हाई.”

“त्या वेळेला त्यांचं विमान गेल्याची नोंद नाही.”

“म्हंजी पडलंच न्हाई की. मंग पान कुनाचं?”

ते तुमचं तुम्ही ठरवा, श्रद्धेचा भाग आहे, असं काहीतरी मी बोलले. शहाणी माणसं अडचणीत सापडली की जे बोलतात ते. आक्कांनी “बरं” म्हटलं आणि फोन भाच्याकडे दिला. नंतर त्याच्याकडूनच कळलं की गावात पारावर कोणीतरी म्हणालं, टिकली शेवटी पुसलीच. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण नोंद ती नोंद, असं म्हणून मी दुसऱ्या दाव्यांकडे वळले.

पावसाळा गेला, दिवाळी झाली. फराळाचे डबे धुऊन ठेवल्यावर मी तीच यादी पुन्हा उघडली, एका भलत्याच दाव्यासाठी. त्यात एका विमानापुढे शेरा होता: सूर्योदयाला उड्डाण केले, परत आले नाही. उड्डाणाची वेळ पावणेसात. सवयीने मी अडीच तास वजा केले आणि सव्वाचार लिहिलं. मग पेन्सिल थांबली.

भर थंडीत त्या भागात सूर्य सव्वाचारला उगवत नाही. हे मला कोणी शिकवायला नको. कुठल्या गावी कधी उजाडतं हे सांगण्यातच माझी नोकरी गेली. पावणेसात हीच बरोबर वेळ. म्हणजे ती वेळ आधीच आपल्या घड्याळाची होती. मी यादीच्या पहिल्या पानावर गेले. ते पान मी कधी वाचलंच नव्हतं. आपल्याला हवी ती तारीख शोधत थेट आत शिरले होते. तिथे खाली बारीक अक्षरात त्या भल्या शिक्षकाने लिहून ठेवलं होतं की वाचकांच्या सोयीसाठी सर्व वेळा भारतातल्या युद्धकाळच्या घड्याळाप्रमाणे बदलून दिल्या आहेत.

त्याने एकदा वजा केलं होतं आणि मी पुन्हा वजा केलं. ज्याला घड्याळातलं काही कळत नाही त्याने आठ चाळीस आणि आठ पंचेचाळीस शेजारी ठेवले असते आणि तो बरोबर ठरला असता. खात्यात असताना तक्त्याचा मथळा न वाचता आकडे उतरवणाऱ्या पोरींना मी रडवलेलं आहे. त्या आत्ता समोर असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. नवरा काहीतरी चेष्टा करायच्या बेतात होता, पण माझा चेहरा बघून उठला आणि चहा टाकायला गेला.

मी सगळं नव्याने ताडलं. तारीख, नदी, उंची, दिशा. पाच मिनिटांचा फरक, तो तर असतोच. त्या सकाळी त्या भागात दुसऱ्या कुठल्या तुकडीचा दावा नव्हता. यादीत वैमानिकाचं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, झाडीत कोसळून मृत्यू. आबांनी सांगितलं होतं तसंच.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. भाच्याला म्हटलं, उद्याच चल. त्याने रजा टाकली.

गावात भाताची झोडणी चालू होती आणि आक्का अंगणात सुपात भात घोळत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले आणि म्हटलं, “आक्का, मी चुकले. आबा खरं बोलत होते. विमान पडलं होतं.” मग घड्याळाचं सगळं सांगितलं. अर्धं त्यांना कळलं नसेल, पण त्यांनी मधे तोंड घातलं नाही. सूप मात्र थांबलं होतं.

“म्हंजी त्यो मेला.”

“हो.”

“आबा म्हनत व्हता तसाच. झाडीत.”

“हो. तसंच लिहिलंय.”

भाच्याला आनंद झाला होता. तो म्हणाला, “आत्या, फलक बदलून घेऊ आपण. मी आजच सरपंचांशी बोलतो. काकू लेटर देतील.”

आक्कांनी त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघत म्हणाल्या, “औंदा म्या पान न्हाई वाडलं.”

मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा मला चार शब्द सुनावतील. त्यासाठी मी तयार होऊन आले होते. यासाठी नव्हते.

“तुमी म्हनला पडलंच न्हाई. मंग म्या म्हनलं, जो मेलाच न्हाई त्येचं पान कसं वाडायचं. जित्या मानसाचं पान वाडू न्हाई. आबानं एक वरीस चुकवलं न्हाई, म्या चुकवलं न्हाई. औंदाच ऱ्हायलं.”

“आत्या, पुढच्या सर्वपित्रीला वाढू की,” भाचा म्हणाला.

“त्यो पुडच्या सर्वपित्रीपातूर उपाशी ऱ्हाऊ दे व्हय? तू ऱ्हाशील?” असं म्हणून त्या हाताचा टेका घेऊन उठल्या आणि घर सांभाळणाऱ्या धाकट्या भाच्याच्या बायकोला हाक मारून म्हणाल्या, परसातलं केळीचं पान काप.

स्वयंपाक रोजचाच होता. आंबेमोहोराचा भात, पावट्याची आमटी, भोपळ्याची भाजी. खीर नव्हती म्हणून आक्कांनी दुधात गूळ कालवायला सांगितलं. पान धुऊन झालं तसं ते त्यांनी माझ्या हातात दिलं.

“तुमी वाडा. चूक तुमची हाय.”

त्यात राग नव्हता. घरातलं कोणाचं काय काम हे सांगावं तसं त्या बोलल्या. आमच्याकडे हे काही करत नाहीत. माझे वडील गेले तेव्हा आम्ही एका वाचनालयाला पुस्तकं दिली आणि संपवलं. त्यांचं पान मी कधी वाढलेलं नाही. कुठे काय वाढायचं हेही मला ठाऊक नव्हतं. आक्का शेजारी उभं राहून सांगत गेल्या: भात हितं, भाजी तितं, मीठ डावीकडं. मग म्हणाल्या, “नाव घ्या. आबाला नाव म्हाईत नव्हतं. तुमच्या कागदात असंल.”

मी पर्समधून कागद काढला, चष्मा लावला आणि वाचलं. माझ्या तोंडून ते नाव नीट आलं नाही. आक्कांनी दोनदा म्हणून बघितलं, त्यांना जमलं तसं, आणि मग पान घेऊन आम्ही परसातल्या दगडी गडग्यावर ठेवलं. माझं नाक गळत होतं आणि पदराला हात पुसायचीही लाज वाटत होती, कारण पान ठेवल्यावर हात कधी पुसायचे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

सवयीने मी घड्याळाकडे बघितलं. एक वाजून दहा. आता तो युद्धाचा जास्तीचा तास नाही, म्हणून साडेतीन तास मिळवले. जपानात, त्याच्या गावी, चार चाळीस झाले होते. तिकडे जेवायची वेळ केव्हाच टळून गेली होती.